नोंदणीच्या टेबलावर कोण बसलं होतं?

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मध्ये गड्ड्याची जत्रा झाली, दोन ठिकाणी हुरड्याला जाऊन आले, त्याबद्दल लिहायचं मनात होतं. पण त्यानंतर एका कार्यशाळेला जाऊन बसले आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. तेव्हा मंडळी, आज हुरडा नाही. आज भांडण आहे.

कार्यशाळेचा विषय होता, आरोग्याचं संशोधन लोकांपर्यंत कसं न्यायचं. त्याला आता 'नॉलेज ट्रान्सलेशन' म्हणतात. मी संख्याशास्त्राची निवृत्त मास्तरीण, कुणीतरी माझं नाव सुचवलं म्हणून मलाही बोलावणं आलं. पडद्यावर एक चित्र होतं. डावीकडे प्रयोगशाळा, उजवीकडे खेडं, मधे एक जाडजूड बाण. खेड्यासमोर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई हात जोडून उभी. वक्ते म्हणाले, "ज्ञान तयार आहे, ते फक्त पोचवायचंय." चहाच्या वेळी माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "आपल्याकडच्या बायका येतच नाहीत हो तपासायला. अडाणीपणा, दुसरं काय?" आणि सगळ्यांचं एकमत झालं की जनजागृती वाढवली पाहिजे.

मी तिथे गप्प बसले. सभेत बोलायची सवय नाही असं नाही, तीस वर्षं वर्गावर बोलले. पण राग आला की मला शब्द सुचत नाहीत, घरी आल्यावर सुचतात. तेव्हा जे तिथे बोलायचं होतं ते इथे बोलते.

"बायका येत नाहीत" हे वाक्य खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे सिद्ध करणारा पुरावा आपल्याच जिल्ह्यात, सोलापूरपासून दीड-दोन तासांवर तयार झालाय.

बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, दुर्दैवाने कुणाच्या ना कुणाच्या निमित्ताने. पण तिथे नुसते उपचार होत नाहीत. १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कुणाला कुठला कॅन्सर झाला याची गावोगाव फिरून नोंद करायची, असं ते काम. आणि १९९९-२००० च्या सुमारास टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक प्रचंड मोठा अभ्यास सुरू केला. विषय होता गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट करून चार भाग पाडले. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे घरच्या भाषेत व्हिनेगर, लावून पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी बघायचं, आणि चौथ्या भागात नेहमीसारखं. म्हणजे माहिती द्यायची, पण तपासणी नाही.

निकाल २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४,१२६ बायका होत्या, त्यांत या कॅन्सरने ३४ मृत्यू. चौथ्या भागात ३१,४८८ बायका होत्या, त्यांत ६४ मृत्यू. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे. हे कोष्टक मी अनेक वर्षं पोरांना शिकवलं. जगभरात ते शिकवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही चाचणीच पहिली करा असं सांगते, त्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत आपल्या शेजारच्या या बायका आहेत. लसीचंही तेच. २००९ मध्ये सुरू झालेल्या लसीच्या अभ्यासातही बार्शी हे एक केंद्र होतं. २०१० मध्ये सरकारने तो अर्ध्यातच थांबवला, त्यामुळे बऱ्याच मुलींना एकच डोस मिळाला. पुढे त्याच मुलींच्या पाठपुराव्यातून कळलं की एक डोसही चांगलं संरक्षण देतो, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल असं सांगितलं.

म्हणजे तो बाण जरा नीट काढा की. ज्ञान बार्शीहून जिनिव्हाला गेलं. हात जोडून उभ्या असलेल्या त्या बाईने ते दिलं. परत मात्र तिच्यापर्यंत आलं नाही.

आता "येत नाहीत"बद्दल. त्या अभ्यासात सुमारे एक लाख बायकांना तपासणीला बोलावलं होतं. आल्या किती? जवळपास ७९ टक्के. कुठल्या बायका? मराठवाड्यातल्या, शेतात राबणाऱ्या, बऱ्याचशा शाळेची पायरी न चढलेल्या. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती निघाल्या? देशभरात दोन टक्क्यांहूनही कमी. सरकारी मार्गदर्शक सूचना २०१६ पासून आहेत, दर पाच वर्षांनी तपासा म्हणून. सूचना आहेत, फॉर्म आहेत, पोस्टर आहेत.. आणि दोन टक्के.

अडाणीपणा म्हणे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्या बायका काय जास्त शहाण्या होत्या आणि मग अडाणी झाल्या?

आमचा अमेरिकेतला भाचा (तो हे वाचणार, मला माहीत आहे) लगेच म्हणेल, "मावशी, त्या अभ्यासाकडे पैसा होता." होता ना, परदेशी फाउंडेशनचा पैसा होता. पण पैशाने काय विकत घेतलं ते तरी बघशील का? कुणीतरी घरोघरी गेलं. बाईचं नाव, वय लिहून घेतलं. समोर बसून समजावलं. तपासणी बार्शीला नव्हे, गावांकडेच ठेवली. चाचणीत काही निघालं तर पुढे काय, कुठे, हे ठरलेलं होतं. पैशाने उंबऱ्यावरचा वेळ विकत घेतला. आपण मात्र त्या अभ्यासातून फक्त चाचणीचं नाव उचललं आणि उंबरा सोडून दिला.

माझी खरी तक्रार इथे आहे. "चाचणी उपयोगी आहे का?" हा एकच प्रश्न विचारायची आपल्याला सवय लागलीय. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला विचारा, "मालदांडी चांगली येते का हो?" तो तुम्हालाच उलट विचारेल, "कुठल्या रानात?" मालदांडी रब्बीला पेरतात, पाऊस सरल्यावर. काळ्या भारी रानात मुरलेली ओल असते, मुळं त्या ओलीपर्यंत जातात आणि कणीस भरतं. तेच बी मुरमाड माळावर टाका. बियाणं वाईट नाही, मूळही खाली जायला बघतंच, पण खाली ओलच नाही. मग म्हणणार का, की हा माळ अडाणी आहे?

रे पॉसन आणि निक टिली या दोन ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये नेमकं हे पुस्तकात मांडलं. त्याला 'रिअलिस्ट' म्हणजे वास्तववादी मूल्यमापन म्हणतात. एखादी योजना चालते का, असं विचारू नका. कुणासाठी चालते, कुठल्या परिस्थितीत, आणि माणसाच्या मनात नेमकं काय घडल्यामुळे चालते, ते विचारा. योजना स्वतः काही करत नाही, ती समोरच्या माणसाला एक संधी देते. ती संधी घ्यायची की नाही हे तो माणूस ठरवतो, आणि त्याचं ठरवणं त्याच्या परिस्थितीवर असतं. शेतकऱ्याला हे सांगायला पुस्तक लागत नाही. आपल्या कार्यशाळांना मात्र लागतं.

व्हिनेगरच्याच तपासणीचं बघा. उस्मानाबादच्या अभ्यासात तिने मृत्यू कमी झाल्याचं ठोस दिसलं नाही. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात तीच तपासणी परिचारिकांनी एकदाच केली, आणि शक्य तिथे त्याच भेटीत उपचार केले. तिथे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी, हा निकाल २००७ चा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तिथे ३१ टक्क्यांनी कमी, हा निकाल २०१४ चा. व्हिनेगर तेच. आता सांगा, व्हिनेगर "चालतं" की "चालत नाही"? प्रश्नच चुकलाय.

माझ्या वर्गात मी हे असं शिकवलं नाही, हेही कबूल करते. मी 'पी'ची किंमत शिकवली, विश्वासांतर शिकवलं, आणि घंटा झाली.

मग २०१५ मध्ये माझी मावशी आजारी पडली. मोहोळ तालुक्यातल्या खेड्यात राहायची. काका लवकर गेले, दोन्ही मुलं शेतीत. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि परत अंगावरून जायला लागलं. आठ महिने कुणाला बोलली नाही. बार्शीला नेलं तेव्हा तिसरा टप्पा होता. शेक दिले, सगळं केलं, चौदा महिन्यांनी गेली. एकसष्ट वर्षांची होती.

दवाखान्यात तिच्याजवळ बसले असताना मी एकदा न राहवून विचारलं, "अगं, आठ महिने का नाही सांगितलंस?" म्हणाली, "कुनाला सांगायचं गं? घरात समदी बाप्यं."

आणि मग जे कळलं त्याने मी अजून अस्वस्थ होते. तिच्या गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर झालं होतं. तिला माहीत होतं. दवंडीसारखी रिक्षा फिरली होती, कागद वाटले होते. म्हणजे जनजागृती पुरेपूर झाली होती! ती शाळेपर्यंत गेलीसुद्धा. पण नोंदणीच्या टेबलावर भावकीतलाच एक पोरगा बसला होता. तो सगळ्यांदेखत विचारत होता, वय काय, मुलं किती, पाळी कधी गेली, अंगावरून जातं का. मावशी दारातून परत फिरली. "विधवा बाईनं हे कशाला तपासायचं, आसं म्हनले असते," म्हणाली.

त्या शिबिराच्या अहवालात काय गेलं असेल? अमुक इतक्या बायका तपासल्या, अमुक इतकी पत्रकं वाटली. दारातून परत गेलेल्या बाईसाठी त्या फॉर्मवर रकानाच नाही.

गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की बार्शीच्या मंडळींनी हे बघितलं होतं. कोण आलं आणि कोण आलं नाही याचा त्यांनी वेगळा अभ्यास करून २००७ मध्ये छापला होता. आलेल्यांत तरुण, शिकलेल्या, नवरा असलेल्या बायका तुलनेने जास्त होत्या. म्हणजे राहून गेल्या त्या वयाने मोठ्या, न शिकलेल्या, एकट्या. माझी मावशी त्या कोष्टकात होती, मावशी आजारी पडायच्या कितीतरी आधी. त्या कागदावरून कुणी टेबलावरचा पोरगा बदलला असता तर ते खरं 'ट्रान्सलेशन' झालं असतं.

आणि मी? मी तर सगळं जाणत होते. कोष्टक तोंडपाठ. पण माझी स्वतःची तपासणी? मावशी गेल्यावरसुद्धा दोन वर्षं मी गेले नाही. "वेळ नाही", "मला काही त्रास नाही", "त्या टेबलावर झोपायचं म्हणजे..". अखेर २०१८ मध्ये गेले, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या एक सिस्टर एका रविवारी म्हणाल्या, "ताई, मंगळवारी साडेदहाला माझी ड्यूटी आहे. तुम्ही या, मी आहे ना." बस्स, एवढंच. त्यांनी मला एकही नवीन माहिती दिली नाही. एम.एस्सी. झालेल्या बाईला जे वीस वर्षांच्या ज्ञानाने जमलं नाही ते "मी आहे ना"ने झालं. आता म्हणा मला अडाणी.

पण म्हणून "प्रत्येकीला एक सिस्टर द्या" असं परिपत्रक काढलंत तर तेही मुरमात पेरणंच झालं. माझ्या ओळखीत एक विडी कामगार बाई आहेत. घरात तेलुगू बोलतात. त्यांना मी विचारलं तर म्हणाल्या, सकाळ गेली की त्या दिवसाच्या विड्या भरत नाहीत, विड्या कमी तर मजुरी कमी. त्यांना लाज आडवी येत नव्हती, मजुरी आडवी येत होती. त्यांच्या हातात दिलेलं पत्रक मराठीत, आणि मराठी तरी कसलं, 'गर्भाशयग्रीवा' वगैरे. ते मला वाचताना ठेच लागली. त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ आणि घराजवळची जागा हवी. आता स्वतःच नमुना घ्यायची सोय असलेली एचपीव्ही चाचणी निघालीय, ती मावशीसारखीला कदाचित सोपी गेली असती. पण ज्या घरात बाईला दार लावून पाच मिनिटं एकटं राहता येत नाही तिथे तीही अडेल. एकाच गावात तीन बायका, तीन कारणं.

कुणी म्हणेल, बार्शीत जनजागृतीनेच फरक पडला होता ना? पडला होता, खरं आहे. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं सांगायचे, आणि पुढे बायका आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या, हे १९९५ मध्ये छापून आलंय. पण ती जनजागृती करणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच गावात येत होता, आणि त्याच्या पाठीशी तालुक्याच्या गावी उघडं दार असलेलं कॅन्सरचं रुग्णालय होतं. खाली ओल होती. रिक्षावरचा कर्णा एकदा फिरून जातो. दोन्हीला आपण 'जनजागृती' म्हणतो, म्हणून घोळ होतो.

मला मोठ्या अभ्यासांचा राग नाही, गैरसमज नको. तो अभ्यास झाला नसता तर कुठलं बी घ्यायचं हेच कळलं नसतं. पण आता बी कळलंय. आता रानाचा अभ्यास हवा, आणि तो आशाताईंच्या, सिस्टरांच्या डोक्यात आहे, कुणी विचारत नाही म्हणून कागदावर नाही. त्या कार्यशाळेत एकही आशाताई नव्हती. व्यासपीठावर तर नाहीच, खुर्च्यांमध्येसुद्धा नाही.

माझं मागणं फार नाही. शिबिराच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: कोण आलं नाही, आणि का. तो आशाताईने तिच्या शब्दांत भरावा, आणि पुढचं शिबिर तो रकाना वाचून आखावं. नोंदणीला बाई बसवा, पडद्यामागे बसवा. तपासणीत काही निघालं तर पुढे कुठे जायचं हे त्याच दिवशी ठरवा, नुसती चिठ्ठी देऊ नका. आणि ज्या गावांतून आकडे नेता त्या गावांत जाऊन निष्कर्ष सांगा, तिथल्या भाषेत. जर्नलमध्ये छापलं म्हणजे सांगून झालं असं नाही.

शेवटचं एक. त्या चौथ्या भागातल्या, तपासणी न झालेल्या बायका. त्यांच्यावरून पुढे खूप वाद झाला. जिथे मुळात तपासणीच होत नव्हती तिथे तुलना करायला हरकत नाही, असं एक बाजू म्हणाली. जे वाचवता येतं ते माहीत असताना त्यांना तसंच ठेवणं बरोबर नव्हतं, असं दुसरी. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि माझं मन दुसरीकडे झुकतं. पण वाद कसाही संपो, ६४ बायका गेल्या हे खरं, आणि त्यांच्या जाण्यातून जगाला कळलं की काय केल्याने बायका वाचतात. वर्गात ६४ हा आकडा मी फळ्यावर किती वेळा लिहिला आणि डस्टरने पुसला. मावशीनंतर तो मला तसा पुसता आला नाही. हे ज्ञान आपल्याला फुकट मिळालेलं नाही, आपल्याच बायकांनी त्याची किंमत मोजलीय. ते कपाटात ठेवून वर "बायका येत नाहीत" म्हणायचा अधिकार कुणाला नाही. मला तर नाहीच.

असो. फार लांबलं, आणि बराच चिडचिडाट झाला. हुरड्याचं पुढच्या वेळी नक्की. तोवर घरातल्या तीस वर्षांवरच्या बायकांना, वहिनी, जावा, मावश्या, एक फोन करा. माहिती देऊ नका, त्यांना ती असते. "कधी जायचं? मी येते बरोबर," एवढंच म्हणा. आणि ज्या नाही म्हणतील त्यांना का ते विचारा, आणि मला कळवा. माझ्याकडे एक वही केलीय त्यासाठी. पहिल्या पानावर मावशीचं उत्तर लिहिलंय.